गोधनाचा मुलूख आणि बालकांची मूत्रपिंडे

इ. स. 1536 मध्ये पेद्रो दे मेंदोसा या स्पॅनिश सरदाराने प्लाता नदीच्या मुखाशी जी वसाहत वसविली, ती उपासमारीने आणि तेथील मूळ रहिवाशांच्या प्रतिकाराने पाच वर्षांतच ओस पडली. पुढे 1580 मध्ये हुआन दे गाराय याने त्याच तीरावर ब्यूनस आयर्स नगराची पुन्हा स्थापना केली, तेव्हा आसुन्सिओनहून निघालेल्या त्याच्या मंडळींबरोबर गुरांचे कळपही खुष्कीच्या मार्गाने दक्षिणेकडे आले. नगराच्या वेशीपलीकडे पांपा नावाचा सपाट, वृक्षहीन, दृष्टी पोहोचेल तिथवर पसरलेला तृणप्रदेश होता. चारा अमाप आणि हिवाळा सौम्य असल्यामुळे सुटून गेलेली गुरे तेथे मोकाट वाढली, आणि काही पिढ्यांतच त्या मुलखात माणसे थोडी व गुरे असंख्य अशी स्थिती झाली. नगरसभेकडून परवाने घेऊन घोडेस्वारांच्या टोळ्या या रानगुरांच्या शिकारीस निघत, कातडी सोलून घेत, चरबी काढून घेत आणि मांसाचा फारच थोडा भाग आपल्यासाठी राखून उरलेला रानात टाकून देत. कारण युरोपच्या बाजारात कातड्याला किंमत होती, मांसाला तेथवर नेण्याचा उपायच नव्हता.

अर्जेंटिना या देशाच्या अर्थकारणाचा, आहाराचा आणि अभिमानाचाही पाया असा गोधनावर घातला गेला. चार्ल्स डार्विन 1833 मध्ये गाउचो म्हणजे तेथील घोडेस्वार गुराख्यांच्या संगतीने पांपातून फिरला, तेव्हा कित्येक दिवस मांसाखेरीज दुसरे काही त्याच्या मुखात पडले नाही, ही गोष्ट त्याने आपल्या प्रवासवृत्तात नमूद करून ठेवली आहे. मांस खारवून ते ब्राझील व क्युबा येथील मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांसाठी पाठविण्याचे कारखाने तोवर उभे राहिले होते. 1876 मध्ये शीतयंत्र बसविलेले एक फ्रेंच जहाज रूआं बंदरातून निघून ब्यूनस आयर्सला पोहोचले आणि ताजे मांस महासागरापार नेता येते हे सिद्ध झाले. त्यानंतर तारांची कुंपणे, विलायती वाणाची गुरे, इंग्रजी भांडवलाचे लोहमार्ग आणि बंदराकाठचे प्रचंड शीतगृह-कारखाने यांनी त्या मुलखाचे रूप पालटून टाकले. परंतु निर्यात कितीही वाढली तरी देशातील माणसाच्या ताटातले मांस कमी झाले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथे माणशी वर्षाला 80 किलोच्या पुढे गोमांस खाल्ले जाई. रविवारी कुटुंबाने निखाऱ्यांभोवती जमून मांस भाजावे हा घराघराचा कुलाचार झाला होता, आणि अंगावरचे दूध सुटू लागलेल्या बाळाला बळ यावे म्हणून जेमतेम शेकलेल्या मांसाचा पिळून काढलेला रस पाजावा, ही आयांची व आज्यांची ममतेने जपलेली रीत होती.

अशा या सुपोषित बालकांच्या देशात, ज्या व्याधीचे नावही तोवर वैद्यकाच्या पुस्तकांत नव्हते, ती व्याधी विसाव्या शतकाच्या मध्यकाळात ठळकपणे पुढे आली. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतचे, कालपरवापर्यंत घरभर दुडदुडणारे मूल हगवणीने आजारी पडे. दोन-तीन दिवसांत शौचात रक्त दिसू लागे. हगवण आटोक्यात येते आहे असे वाटून घरची माणसे सुस्कारा टाकतात न टाकतात तोच, आजाराच्या साधारण आठवड्याभरानंतर, मूल एकाएकी पांढरेफटक पडे, त्वचेवर बारीक तांबडे ठिपके उमटत, चेहरा व पाय सुजत आणि लघवी कमी होत होत बंद पडे. काहींना झटके येत, काही बेशुद्ध होत. आजार कुपोषित, दरिद्री वस्तीपुरता मर्यादित असता तर त्याचे कारण दारिद्र्यात शोधून वैद्यक मोकळे झाले असते. पण तो सुस्थितीतील, स्वच्छ घरांतल्या, चांगल्या पोसलेल्या मुलांनाही गाठत होता, आणि तेही विशेषेकरून उन्हाळ्याच्या महिन्यांत.

मूत्रपिंडाच्या रोगांचे ज्ञान तेव्हा अगदीच बाल्यावस्थेत होते असे नाही. लंडनच्या गाईज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट याने 1827 मध्ये, सर्वांगास सूज आलेल्या रुग्णांचे मूत्र चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापविले असता ते गोठते, आणि अशा रुग्णांची मूत्रपिंडे मृत्यूनंतर विकृत झालेली आढळतात, हा संबंध प्रथम जोडून दाखविला होता. न्यूयॉर्कच्या एलाय मोश्कोविट्झ याने 1924 मध्ये एका सोळा वर्षांच्या मुलीच्या शरीरात जागोजागी सूक्ष्म रक्तवाहिन्या गुठळ्यांनी बुजून गेल्याचे वर्णन केले होते. परंतु बालकांतील या विशिष्ट व्याधीची ओळख पटण्यास 1955 साल उजाडावे लागले. त्या वर्षी स्वित्झर्लंडमधील झुरिच येथील बालरोगतज्ज्ञ कोनराड गासर व त्याचे सहकारी यांनी पाच बालकांच्या आजाराची हकीकत प्रसिद्ध केली. पाचही जणांत तांबड्या रक्तपेशींचा नाश, रक्त गोठविण्यास साहाय्य करणाऱ्या बिंबाणूंची घट आणि मूत्रपिंडे निकामी होणे ही तीन लक्षणे एकत्र आली होती, आणि पाचही दगावली होती. या त्रयीला गासरने हिमोलिटिक-युरेमिक सिंड्रोम ही संज्ञा दिली, आणि जगभरच्या बालरुग्णालयांतील वैद्यांना आपल्या दप्तरातील जुन्या, उकल न झालेल्या मृत्यूंकडे नव्या दृष्टीने पाहणे शक्य झाले.

ज्या देशाला या दृष्टीची सर्वाधिक गरज होती तेथे तिचा उपयोग करणारा माणूसही योग्य वेळी उभा राहिला, हे त्या देशाचे भाग्य म्हटले पाहिजे. ब्यूनस आयर्सचे बालरुग्णालय 1875 मध्ये स्थापन झाले होते, आणि त्याच्याशी आरंभापासून निगडित असलेल्या रिकार्दो गुतिएरेस या वैद्य-कवीचे नाव पुढे त्याला देण्यात आले. याच रुग्णालयात कार्लोस जिआनान्तोनियो हा 1926 मध्ये जन्मलेला तरुण बालरोगतज्ज्ञ काम करीत होता. मूत्रपिंडे निकामी झालेले मूल मरते ते बहुधा मूळ रोगाने नव्हे, तर साचलेल्या पाण्याने, रक्तात वाढलेल्या पोटॅशियमने व विषारी मलद्रव्यांनी मरते. तेव्हा मूत्रपिंडे आपले काम पुन्हा सुरू करीपर्यंतचे दिवस कसेही करून निभावून नेता आले तर मूल वाचू शकते, ही गोष्ट त्याने जाणली. विलेम कोल्फ याने 1943 मध्ये हॉलंडमध्ये सिद्ध केलेले कृत्रिम मूत्रपिंड तोवर प्रचारात येऊ लागले होते, पण ते यंत्र प्रौढांच्या मापाचे होते; दोन वर्षांच्या मुलाच्या अंगातले थोडेसे रक्त त्या नळ्यांतून फिरविणे हे त्या काळी अतिशय धोक्याचे होते. म्हणून जिआनान्तोनियो व त्याच्या सहकाऱ्यांनी उदरपोकळीच्या मार्गाने रक्तशुद्धी करण्याचा अवलंब केला. मुलाच्या पोटात बारीक नळी घालून तीतून ठराविक घटकांचे निर्जंतुक द्रव सोडावयाचे, उदराच्या अस्तरातील रक्तवाहिन्यांतून विषारी द्रव्ये त्या द्रवात झिरपेपर्यंत थांबावयाचे, मग ते द्रव काढून टाकून नवे सोडावयाचे, आणि हा क्रम रात्रंदिवस चालू ठेवावयाचा, अशी ती पद्धत. तीत मोठे यंत्र नाही, पण माणसाच्या अहोरात्र जागरूकतेवाचून ती एक प्रहरही चालत नाही. आत गेलेल्या व बाहेर आलेल्या प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवावा लागतो, आणि तो हिशेब रुग्णालयातील निवासी तरुण वैद्यांनी व परिचारिकांनी मुलाच्या उशाशी बसून ठेवला.

1964 मध्ये या मंडळींनी 58 बालकांचा अनुभव ग्रंथबद्ध केला, आणि एका दूरच्या देशातील एका रुग्णालयाकडे साऱ्या बालवैद्यकाचे लक्ष वेधले गेले. जगात अन्यत्र जी व्याधी क्वचित दिसे ती येथे एकाच छपराखाली डझनांनी पाहण्यात आली होती. आरंभीच्या काळात या व्याधीने ग्रासलेल्या बालकांपैकी निम्म्याच्या आसपास दगावत असत. पुढील काही दशकांत अर्जेंटिनात हे प्रमाण शेकडा दोन ते चारपर्यंत खाली आले. हा पालट कोणत्याही नव्या औषधाने घडविला नाही. वेळेवर निदान, पाण्याचा व क्षारांचा काटेकोर बंदोबस्त, जरूर तेव्हा रक्त देणे आणि उदरमार्गी रक्तशुद्धी एवढ्याच साधनांनी तो घडला, आणि म्हणूनच बालवैद्यकाच्या इतिहासात त्याचे मोल मोठे आहे.

त्याहूनही मोठे मोल त्यांच्या दुसऱ्या कामाचे आहे असे मला वाटते. मूल वाचले, लघवी सुरू झाली, गाल पुन्हा गुलाबी झाले, आईबाप आनंदाने घरी गेले, येथे बहुतेक रुग्णालयांच्या कागदपत्रांचा शेवट होतो. जिआनान्तोनियोने त्या मुलांना वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा बोलावून तपासले, आणि 1968 मध्ये 76 मुलांच्या मूत्रपिंडांचा दीर्घकालीन वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यातून एक कठोर सत्य बाहेर आले: ज्यांची लघवी आजारात अधिक दिवस बंद राहिली होती त्यांच्यापैकी काहींची मूत्रपिंडे वरवर बरी दिसत असूनही आतून झिजत होती, मूत्रातून प्रथिने जात होती, रक्तदाब वाढत होता, आणि त्याची खरी किंमत त्यांना शाळकरी वा तरुण वयात मोजावी लागणार होती. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या घेऊन मनुष्य जन्मास येतो. एकदा मेलेली गाळणी पुन्हा उत्पन्न होत नाही, आणि उरलेल्यांवर पडलेला भार हळूहळू त्यांनाही खचवितो. बालपणीच्या आठ-दहा दिवसांच्या आजाराचा जाब शरीर वीस वर्षांनी देते, हे त्या धीराच्या नोंदींनी जगाला शिकविले.

तथापि रोग होतो कशाने, हा प्रश्न अनुत्तरितच होता, आणि त्याचे उत्तर दोन खंडांत विखुरलेल्या धाग्यांतून गुंफले गेले. पहिला धागा जपानातील. 1897 मध्ये तेथे रक्ती आवेची भीषण साथ पसरून नव्वद हजारांहून अधिक लोक आजारी पडले व वीस हजारांहून अधिक मेले. त्या साथीत जंतुशास्त्रज्ञ कितासातो यांच्या प्रयोगशाळेतील कियोशी शिगा या तरुण संशोधकाने रोगाचा जंतू शोधून काढला, आणि तो जंतू एक उग्र विष निर्माण करतो हे पुढे उघड झाले. दुसरा धागा कॅनडातील. ऑटावा येथे जॅक कोनोवाल्चुक याने 1977 मध्ये असे दाखविले की, मनुष्याच्या व गुरांच्या आतड्यांत सहसा निरुपद्रवीपणे राहणाऱ्या एश्चेरिचिया कोलाय या जंतूच्या काही जाती, माकडाच्या मूत्रपिंडापासून प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींना ठार करणारे विष सोडतात. 1982 मध्ये अमेरिकेच्या ऑरेगन व मिशिगन राज्यांत अर्धकच्च्या खिम्याच्या वड्या खाऊन लोकांना रक्ताची हगवण लागली, आणि तिच्या मुळाशी याच जंतूची ओ157:एच7 ही जात सापडली. अखेर 1983 मध्ये टोरांटोच्या बालरुग्णालयातील मोहमद करमाली व त्याच्या सहकाऱ्यांनी, हिमोलिटिक-युरेमिक सिंड्रोम झालेल्या बालकांच्या विष्ठेत ते विष व ते सोडणारे जंतू दाखवून दिले. हे विष म्हणजे शिगाच्या जंतूचेच विष, किंवा त्याचे सख्खे भावंड, हेही त्याच सुमारास सिद्ध झाले.

मग सारी प्रक्रिया उलगडली. आतड्यातून रक्तात शिरलेले विष मूत्रपिंडातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटते, कारण त्याला धरून ठेवणारे द्रव्य तेथील पेशींवर विपुल असते. अस्तर सुजते, सोलवटते, त्यावर बारीक गुठळ्या जमतात, बिंबाणू त्यात खर्ची पडतात, आणि बाभळीच्या काट्यांच्या कुंपणातून घाईने शिरणाऱ्याचे वस्त्र फाटावे तशा तांबड्या पेशी त्या अडसरांतून जाताना फाटून त्यांचे तुकडे होतात. एकाच आघाताने रक्त, बिंबाणू व मूत्रपिंड ही तिन्ही कशी जायबंदी होतात, गासरने पाहिलेल्या त्रयीचे रहस्य काय, हे अठ्ठावीस वर्षांनी कळले. जंतू मारणारी औषधे येथे उपकारक ठरत नाहीत, उलट काही वेळा मरणाऱ्या जंतूंतून अधिक विष सुटण्याचा संभव असतो, म्हणून उपचार आजही मुख्यतः आधाराचाच आहे.

आणि पांपाचे कोडेही सुटले. या जंतूचे मुख्य वसतिस्थान गुरांचे आतडे होय, आणि विष धरून ठेवणारे ते द्रव्य गुरांच्या आतड्यातील रक्तवाहिन्यांवर नसल्यामुळे जनावर जंतू बाळगूनही धडधाकट राहते. कसायाला वा गुराख्याला त्याच्याकडे पाहून शंका येण्याचे कारण नाही. जनावर कापताना विष्ठेचा स्पर्श मांसाच्या पृष्ठभागास होतो. अखंड तुकडा निखाऱ्यावर भाजला तर पृष्ठभागावरील जंतू जळून जातात; पण तेच मांस यंत्रात घालून त्याचा खिमा केला की पृष्ठभागावरचे सारे आत मिसळते, आणि आतला भाग तांबडा राहील इतपतच ते शिजविले तर जंतू जिवंत राहतात. त्यांना मारण्यास मांसाच्या मध्यभागी सुमारे 71 अंश सेल्सियस उष्णता पोहोचावी लागते, आणि शंभराहूनही कमी जंतू मुलाला आजारी पाडण्यास पुरेसे होतात. ममतेने पाजलेल्या त्या मांसरसात काय दडलेले असू शके, हे सांगण्यासाठी विज्ञानाला चारशे वर्षांच्या कुलाचाराच्या विरुद्ध बोलावे लागले.

यानंतरचा इतिहास राज्यकारभाराचा आहे. 1993 मध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागात खिम्याच्या वड्यांतून सातशेहून अधिक लोक आजारी पडले व चार बालके दगावली, तेव्हा पुढील वर्षी तेथील सरकारने हा जंतू असलेला कच्चा खिमा भेसळयुक्त ठरवून विक्रीस मज्जाव केला. 1996 मध्ये जपानच्या साकाई शहरी शाळेच्या जेवणातून हजारो मुलांना बाधा झाली. 2000 मध्ये कॅनडातील वॉकर्टन गावी गुरांच्या शेणाने दूषित झालेल्या विहिरीच्या पाण्यातून दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि सात मेले. 2011 मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या साथीत पन्नासांहून अधिक बळी गेले. प्रत्येक ठिकाणी पदार्थ निराळा, पण कसूर एकच: गुरांची वा माणसांची विष्ठा आणि माणसाचे अन्नपाणी यांमधील सीमेची राखण ढिली पडली होती.

अर्जेंटिनाने नव्या शतकाच्या आरंभी या व्याधीची नोंद सरकारदरबारी करणे सक्तीचे केले, आणि ब्यूनस आयर्समधील मालब्रान संस्थेच्या प्रयोगशाळेने देशभरातील जंतूंचा मागोवा ठेवण्याचे काम अंगावर घेतले. ब्यूनस आयर्स व मेंदोसा येथे 2001-02 मध्ये आजारी व निरोगी मुलांची तुलना करून झालेल्या पाहणीत अपुरे शिजलेले गोमांस, गुरांच्या सान्निध्यात राहणे वा जाणे आणि हगवण झालेल्या दुसऱ्या लहान मुलाचा संपर्क ही बाधेची कारणे ठरली, तर कच्चे मांस हाताळल्यावर नेमाने हात धुणाऱ्यांच्या घरी आणि अधिक फळे-भाज्या खाणाऱ्या मुलांत बाधा कमी आढळली. आजाराने पोळलेल्या आईबापांनी संघटना स्थापून शाळाशाळांतून व स्वयंपाकघरांतून जागृती चालविली. जिआनान्तोनियो 1995 मध्ये निवर्तला. त्याचा जन्मदिवस, 19 ऑगस्ट, हा आज तेथे या व्याधीविरुद्धच्या लढ्याचा राष्ट्रीय दिवस म्हणून पाळला जातो. आणि तरीही पाच वर्षांखालील मुलांची मूत्रपिंडे एकाएकी निकामी होण्याचे पहिले कारण तेथे अद्याप हीच व्याधी आहे, आणि मुलांच्या व किशोरांच्या मूत्रपिंडारोपणांपैकी सुमारे पंचमांशाच्या मुळाशी तीच आहे. रुग्णालयाने मृत्यू हटविला. रोग हटविणे रुग्णालयाच्या हाती नव्हते.

आपल्याकडे या व्याधीने निराळी वाट धरली. 1978 मध्ये वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातील रघुपती व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातील, आणि त्याच वर्षी ढाक्यातील संशोधकांनी बांगलादेशातील, रक्ती आवेनंतर मूत्रपिंडे निकामी झालेल्या बालकांचे वृत्तांत प्रसिद्ध केले. येथे अपराधी होता खुद्द शिगाचा जंतू, आणि तो कत्तलखान्यातून नव्हे तर मैला मिसळलेल्या पाण्यातून व न धुतलेल्या हातांतून येत होता. येथील मुले आधीच अशक्त, रुग्णालय दूर, आणि मृत्यूचे प्रमाण म्हणून अधिक. गेल्या काही दशकांत त्या जंतूचा जोर ओसरला आहे, आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अभ्यासांनी असे दाखविले आहे की, भारतीय मुलांतील या व्याधीत आता मोठा वाटा, शरीर स्वतःच्याच एका संरक्षक प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते अशा प्रकाराचा आहे. त्याचे निदान लवकर झाले तर रक्तद्रव बदलून व योग्य औषधे देऊन मूत्रपिंड वाचविता येते. परंतु पाण्याची नळी आणि मैल्याची नाली जेथे शेजारी वाहतात तेथे शिगाचा जंतू कायमचा गेला असे मानणे हे आत्मवंचन होईल.

या चारशे वर्षांच्या कथेचा निकाल माझ्या मते स्पष्ट आहे. बालकांच्या मूत्रपिंडांचे रक्षण जितके वैद्य करतो तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, कत्तलखान्याचा तपासनीस, नगरपालिकेचा पाणीपुरवठा अधिकारी आणि घरचा स्वयंपाक करणारे हात करतात. आणि यांपैकी कोणाची हयगय झाली तर तिची भरपाई जगातले कोणतेही रुग्णालय पुरती करू शकत नाही. कार्लोस जिआनान्तोनियोसारखा वैद्य समाजाला वेळ मिळवून देतो. त्या वेळेचा उपयोग करणे ही समाजाची जबाबदारी असते.

वाचकांना एकच विनंती. आपल्या घरातील वा शेजारच्या लहान मुलाला रक्ताची हगवण लागली, तर घरात पडलेले जंतुनाशक औषध मनाने देऊ नका, हगवण थांबविण्याच्या गोळ्या देऊ नका. आणि हगवण उतरल्यावरही आठ-दहा दिवस मुलाचा रंग व त्याची लघवी यांकडे लक्ष ठेवा. मूल फिकट पडले, सुजले किंवा त्याची लघवी कमी झाली, तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी, रक्ताची व लघवीची तपासणी होईल अशा रुग्णालयात त्याला न्या. आणि ते बरे होऊन घरी आले, तरी वर्षातून एकदा त्याचा रक्तदाब व लघवी तपासून घेण्यास विसरू नका.